शेऱ्याचा रकाना

तीस जूनला प्रकल्प संपला.
पत्र आधीच आलं होतं, सभ्य, दोन पानी,
'प्राधान्यक्रमांची फेरमांडणी' असं काहीतरी,
आणि शेवटी एकच शब्द आमच्या अतेसोत :
एयालामा. आभारी आहोत.
तो शब्द त्यांना मीच शिकवला होता
तीन वर्षांपूर्वी, जेवताना,
नाचणीच्या गोळ्याला अंगठ्यानं खळगा पाडून
त्यात शेंगदाण्याचं कालवण कसं धरायचं ते दाखवत.

नाचणीला मात्र कुणी पत्र धाडलं नव्हतं.
मार्चात पेरलेली, आता कुठे चिकात आलेली,
दाणा दाबला तर नखावर दूध.
तिला अजून तीन आठवडे हवे होते
आणि ते कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हते.

पाखरांनाही कळवलेलं नव्हतं.

एक जुलैच्या पहाटे मी केंद्रावर गेले
शीतखोलीची किल्ली परत करायला.
मोटारसायकल नेलेली. जनरेटर गप्प;
सवयीनं मी तरी कान देत राहिले.
तेवढ्यात शेतातून डबा वाजला.

इमालिंगट.
मचाणावर उभा, हातात गोफण,
तेलाच्या डब्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवलेली.
'तुमचा पगार थांबलाय,' मी म्हणाले, 'काल.'
'माझा थांबला,' तो म्हणाला. 'त्यांचा नाही.'
आणि बाभळीकडे बोट केलं.
चिमणीएवढी, लाल चोचीची,
झाडावर पानांपेक्षा जास्त.

सहाशे बारा वाफे, प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर आकडा.
इमालिंगटला आकडे वाचता येत नाहीत.
त्यानं नावं ठेवलीत :
ही भांडकुदळ, ही धाकटी मावशी,
ही लग्नात रुसलेली.
आणि ती कडेची, मूठ.

मूठ म्हणजे माझी चारशे सतरा.
करप्यात टिकली, टारफुल्यात टिकली,
सात वर्षांच्या वह्यांतून एकटीच वर आलेली.

'हिच्यासाठी मी कधी खडा उचलला नाही,'
तो म्हणाला, आज ढग आहेत म्हणावं तसं.
'कणीस बोटं मिटून घेतं, चोच आत जात नाही.
बाकीच्यांना राखावं लागतं. ही आपली आपण राखते.'

सात वर्षं
उंची, फुटवे, फुलोऱ्याचे दिवस, हजार दाण्यांचं वजन,
तेवीस रकाने भरून मी समुद्रापार पाठवत होते
आणि पाखरांचा रकाना नव्हता.
त्यांनी विचारलं नव्हतं. मीही नाही.
हा रोज माझ्या डोक्यावर बारा फुटांवर उभा.

पैशाला मी नावं ठेवणार नाही.
त्याच पैशानं माझी पदवी झाली,
त्याच पैशानं मला कळलं की टारफुल्याचं बी
मातीत वीस वर्षं झोपून राहू शकतं
आणि मुळांचा वास आला की उठतं.
पैशाला एवढी झोप नाही.
दर तीन वर्षांनी तो दचकून जागा होतो,
कुठे आहोत आपण, विचारतो,
चपला शोधू लागतो.

किल्ली खिशातच राहिली.
मी मचाणावर चढले, वही मांडीवर घेतली,
शेवटच्या रकान्यात, जिथे नुसतं 'शेरा' लिहिलंय
आणि जिथे मी एरवी आडवी रेघ मारते,
तिथे बारीक अक्षरात लिहिलं त्याचं म्हणणं, त्याचं नाव,
जागा पुरेना म्हणून समासात.

मग तो जेवायला गेला आणि डबा मी वाजवला.
हाताला लय नव्हती.
पाखरांनी ते लगेच ओळखलं, दोन थवे उतरले.
परत आला तो हसतच.

'एकोणीस दिवस राखीन,' म्हणाला.
'सुगीला दोन ओंजळी मूठ द्या. बायको पेरील.'

करार आठवला : बी संयुक्त मालकीचं,
लेखी परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही.
'विचारून सांगते,' मी म्हणाले.

त्यानं गोफणीत मातीची गोळी बसवली,
एक डोळा मिटला, बाभळीवर नेम धरला.
'कुणाला?'